म्हैस रोज अर्धा किलो माती खाते

उन्हाळा लागला की माझ्या जनावरांच्या दवाखान्यात दुधाच्या बाटल्या यायला लागतात. कुणी पाण्याच्या बाटलीत आणतं, कुणी खोबरेल तेलाच्या. "मॅडम, ह्यात इख उतरलंय का बघा की." पेपरात नदीवरच्या फेसाचा फोटो छापून आला की दुसऱ्या दिवशी बाटली हमखास. माझ्याकडे लॅक्टोमीटर आहे, कासदाह ओळखायचं द्रावण आहे. शिसं आणि कॅडमियम त्यात दिसत नाही असं सांगितलं की समोरचा माणूस 'एवढं शिकून उपयोग काय' अशा नजरेनं बघतो. म्हणून शहराच्या सांडपाण्यातले असे विषारी धातू जनावरात कसे जातात आणि कुठं साठतात, ते एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. पुढच्या बाटलीवाल्याला मोबाइलवर पाठवून देता येईल.

माझी प्रॅक्टिस पुण्याच्या पूर्वेला, मांजरीपासून यवतच्या अलीकडेपर्यंत. शिक्षण शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातलं. या पट्ट्यात पाणी दोन वाटांनी येतं. खडकवासल्याचं पाणी शहर पितं, वापरतं आणि मुळा-मुठेत सोडतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीतून, ते उचलून साडेसतरानळीकडून बेबी कालव्यात टाकतात आणि तिथून ते रानात येतं. दुसरी वाट सरळ आहे: नदीकाठाला मोटार टाकायची आणि उचलायचं. प्रक्रिया झालेलं आणि न झालेलं, दोन्ही त्यात एकत्र. कधी कालव्याच्या दारावर फेसाची गादी असते, कधी काळपट तवंग. वासाची आम्हाला सवय झालीय, पाहुण्यांना होत नाही.

"मग कशाला घेता ते पाणी?" असं शहरातले नातेवाईक विचारतात. मे महिन्यात या आणि बघा. पुरंदरच्या वरच्या अंगाला तेव्हा कडब्याची पेंढी मोजून टाकतात, आणि आमच्याकडे बांधाला पुरुषभर हत्ती गवत उभं असतं. ज्यांना स्वतःचं गुंठाभर रान नाही अशी कितीतरी माणसं चार-पाच म्हशींवर घर चालवतात, ती याच गवतावर. उभा चारा गुंठ्याच्या भावानं घ्यायचा, स्वतः कापायचा, टेम्पोत टाकायचा. हैदराबादला मुसी नदीच्या काठी सांडपाण्यावर पॅरा गवत पिकवून शहरातल्या म्हशींना घालायचा धंदा वर्षानुवर्षं चालू आहे. तिथली आणि इथली गोष्ट एकच. शहराच्या दुधाला शहराचंच पाणी लागतं. हे पाणी बंद करा असं म्हणणाऱ्यानं आधी या म्हशींना मे महिन्यात काय घालायचं ते सांगावं.

आता धातूंकडे येते. घराघरातल्या सांडपाण्यातही थोडं जस्त आणि तांबं असतंच, नळ आणि पाइपांतून आलेलं. खरी भर पडते ती प्लेटिंगच्या छोट्या युनिटांतून, बॅटरीच्या कामातून, गॅरेजांतून. क्रोमियम, निकेल, जस्त, कॅडमियम, शिसं. मैलापाणी शुद्धीकरण केंद्र मुळात उभारलं जातं ते घाण कुजवून पाण्यातला प्राणवायू वाचवायला. धातू कुजत नाही. तिथं त्याचा बराच भाग गाळाला चिकटून खाली बसतो आणि उरलेला पाण्याबरोबर पुढे जातो. गाळ पुढे खत म्हणून कुणाच्या तरी रानात गेला, तर फक्त वाट बदलली, मुक्काम तोच.

एवढं वाचून लोक लगेच दुधाच्या बाटलीकडे वळतात. माझं म्हणणं एवढंच आहे की दूध ही शोधायची सगळ्यात शेवटची जागा आहे. जनावराच्या पोटात गेलेल्या कॅडमियमपैकी अगदी थोडं शरीरात शोषलं जातं, आणि त्यातलंही दुधात नगण्य उतरतं. बहुतेक सगळं शेणावाटे बाहेर पडतं. जे शोषलं जातं ते यकृतात आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि तिथून हलता हलत नाही. माणसाच्या मूत्रपिंडातलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात असं मानतात. शिसं हाडात जातं. दुधातल्या शिशासाठी 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांतली मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. ती कडक असलीच पाहिजे, कारण लहान मुलं दूध पितात. पण दुधाचा अहवाल चांगला आला म्हणून म्हैस निर्धोक, रान निर्धोक, असा अर्थ काढणं चूक. आणि शेणाचं काय? ते उकिरड्यात जातं, उकिरड्यातून त्याच रानात. रानातून गवतात, गवतातून म्हशीत, म्हशीतून पुन्हा रानात. धातू या फेऱ्यातून बाहेर पडतच नाही, आणि कालवा दर पाळीला त्यात भर घालत राहतो.

तो गवतात कसा जातो, इथे लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो. सगळ्यांना वाटतं मुळांनी ओढून घेतला. कॅडमियम आणि जस्ताच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे, हे दोन्ही पानापर्यंत सहज चढतात. शिसं आणि क्रोमियम मात्र मुळाशीच अडकतात, वर फारसे येत नाहीत. मग शिसं जनावराच्या पोटात जातं कसं? मातीबरोबर.

चरणारं जनावर माती खातं, हे आपल्याला माहीत असतं आणि तरी आपण ते मोजत नाही. ब्रिटनमध्ये खाणींच्या जुन्या भागात चरणाऱ्या जनावरांवर अभ्यास झाला. गुरांच्या कोरड्या खाद्यात १ ते १८ टक्के माती निघाली, मेंढ्यांत ती ३० टक्क्यांपर्यंत गेली. आपल्याकडे गोठ्यात कापून घातलेल्या चाऱ्यातून ती कमी जाते असं धरू. समजा चारच टक्के. दुभती म्हैस दिवसाला बारा किलो कोरडं खाद्य खाते. चार टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा किलो माती. वर्षाला दीडशे किलोच्या वर. एखाद्या गोठ्यात जाऊन गव्हाणीच्या तळाशी हात फिरवून बघा. मी बघते. वरचा चारा उचलल्यावर खाली दाणेदार काळी माती राहिलेली असते, आणि हत्ती गवताच्या बुडख्यांना वाळलेल्या गाळाचा राखाडी मोजा चढलेला असतो. नखानं खरवडला की पापुद्रा निघतो. हा पापुद्रा कालव्याचा आहे. म्हैस तो चाऱ्यासकट चावते.

एफएओचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचं, सिंचनाच्या पाण्याबद्दलचं १९८५ सालचं मार्गदर्शन आहे, ते मला फार बोलकं वाटतं. पिकाला द्यायच्या पाण्यात शिसं लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं त्यात म्हटलंय, कारण माती ते धरून ठेवते आणि पिकाला इजा होत नाही. त्याच मार्गदर्शनात जनावरानं प्यायच्या पाण्यात शिसं ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको. पन्नास पट फरक. आता आमच्याकडे काय होतं ते सांगते. सकाळी पाट रानात फोडलेला असतो, दुपारी त्याच पाटात म्हशी डुंबतात आणि तिथंच पाणी पितात. पिकाला चालणारं पाणी म्हशीनं प्यायलं. नियम कुणी मोडला? पाटाला काय ठाऊक, आपण सिंचनाचे की पिण्याचे.

आता आमच्या काळ्या मातीच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर हे सगळं भुताच्या गोष्टीसारखं वाटेल. दख्खनची काळी माती चिकण, चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा मातीत शिसं आणि कॅडमियम घट्ट बसतात, पिकाला सहजी मिळत नाहीत. कोकणातल्या आंबट लाल मातीत हेच पाणी दिलं असतं तर गवतात जास्त चढलं असतं. आणखी एक गोष्ट, जी अहवाल वाचणाऱ्यांना कुणी सांगत नाही: बेसाल्ट खडकातच तांबं, निकेल, क्रोमियम बऱ्यापैकी असतं. जिथं शहराच्या पाण्याचा थेंब पोचलेला नाही अशा माळावरची माती तपासली तरी हे आकडे वर दिसतात. त्यामुळे मातीचा अहवाल हातात घेऊन "बघा क्रोमियम!" म्हणून ओरडण्याआधी बाजूच्या विहीर-बागायती रानाची माती त्याच प्रयोगशाळेत टाकावी. तुलनेशिवाय आकडा मुका असतो. पण मातीनं घट्ट धरलंय हा दिलासा फक्त पिकापुरता. म्हैस ती मातीच गिळते, तेव्हा धरून ठेवलेलंही पोटात जातं.

रोजच्या कामात मला धातूची विषबाधा ठसठशीत अशी क्वचितच दिसते. एकदा दिसली ती अशी. एका गोठ्यातलं तीन-चार महिन्यांचं रेडकू आंधळं झालं म्हणून रात्री बोलावलं. रेडकू भिंतीला कपाळ टेकवून उभं, दात करकरा खातंय, तोंडातून लाळ, कानांची थरथर. डोळ्यासमोर हात नेला तर पापणी हलत नव्हती. मालक म्हणाले, "कालव्याच्या पाण्यानं झालं बघा." मी गोठ्याच्या मागं टॉर्च मारला तर ट्रॅक्टरची जुनी बॅटरी फोडून पडलेली, प्लेटा बाहेर. शिशाच्या प्लेटांची चव गोडसर-खारट असते म्हणतात, वासरं चाटत बसतात. जीवनसत्त्व बी-१ दिलं, मॅग्नेशियम सल्फेट पाजलं. शिसं बांधून बाहेर काढणारं कॅल्शियम ईडीटीए त्या वेळी कुठल्याच मेडिकलमध्ये मिळालं नाही. सकाळी रेडकू गेलं. फाडून पाहिलं तेव्हा जाळीपोटात करड्या चकत्या होत्या. मालकांनी माझ्यासमोरच उरलेल्या प्लेटा गोणीत भरल्या.

हे सांगायचं कारण असं की सांडपाण्याचा धातू असा कधी येत नाही. तो आंधळं करत नाही, रात्री बोलावणं पाठवत नाही. त्याची तक्रार अशी असते: म्हैस सारखी उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. काळी कुळकुळीत होती, आता भुरी पडली, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पिवळट वलयं आली. हगवण लागते, थांबते, पुन्हा लागते. यातलं बरंचसं तांब्याच्या कमतरतेचं चित्र आहे. मॉलिब्डेनम, गंधक, जास्तीचं जस्त, कॅडमियम, आणि गिळलेल्या मातीतलं लोह, हे सगळे तांब्याची वाट अडवतात. म्हणजे रानात तांबं भरपूर आणि म्हशीच्या अंगात तूट. अर्थात नुसती सरकी पेंड घालून खनिज मिश्रण न देणाऱ्या गोठ्यातही म्हशी भुऱ्या होतातच. रंग बघून कालव्यावर खापर फोडणं सोपं आहे, मी ते करत नाही. आधी खनिज मिश्रण सुरू करायला सांगते.

आणि खरं सांगू? या पाण्यावरच्या जनावरांत मी ज्यासाठी सुई उचलते ते बहुतेक वेळा वेगळंच असतं. पाटातल्या गोगलगायींमुळे यकृतात पर्णकृमी, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी. सांडपाण्यातल्या नत्रानं तरारलेलं कडवळ घालून झालेली नायट्रेटची विषबाधा, रक्त चॉकलेटी दिसतं, मिथिलीन ब्ल्यू वेळेवर गेलं तर जनावर वाचतं. ही दुखणी तासात-दिवसांत कळतात. धातू वर्षांच्या हिशेबानं चालतो, म्हणून त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. मलाही नसते, हे कबूल.

मेंढरांची गोष्ट वेगळी आहे. दिवाळीच्या पुढेमागे धनगरांचे वाडे आमच्या भागातून पश्चिमेकडे सरकतात. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत मिळतं. मेंढी म्हशीपेक्षा खालून चरते, दात जमिनीला लावून. खोडवा, हराळी, बांधाचं गवत, सगळं मुळाजवळून. माती सगळ्यात जास्त तिच्याच पोटात. त्यात मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही, यकृतात साठत जातं आणि एखाद्या दिवशी लांबच्या चालीनं किंवा पावसात भिजल्यानं एकदम रक्तात येतं. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी लाल, दोन दिवसांत खेळ खलास. म्हणून म्हशीचं खनिज मिश्रण मेंढरांना घालू नका, हे मी धनगरांना हात जोडून सांगते. वरून जमिनीतून येतंय तेवढं पुरे आहे.

उपाय काय, म्हणाल तर ते फार किरकोळ आहेत, आणि किरकोळ असल्यामुळेच कुणी ऐकत नाही. हत्ती गवत वीतभर सोडून वरून कापा. पाणी दिल्यावर लगेच कापू नका, गाळ वाळून झडू द्या. बुडखे कुट्टीत घालायच्या आधी आपटून घ्या. दावणीला नळाचं किंवा विहिरीचं पाणी ठेवा, पाटावर पाजू नका. वासरांना खनिजांची चाटण वीट टांगा, म्हणजे माती चाटणं कमी होतं. आणि वासरंच शिसं सगळ्यात जास्त शोषतात. नदीकाठची जलपर्णी फुकट मिळते म्हणून घालू नका, ती पाण्यातला धातू ओढून घेण्यासाठीच नावाजलेली आहे.

वीतभर सोडून कापायच्या सल्ल्यावर हडपसरच्या अलीकडच्या एका मावशींनी मला गप्प केलं होतं. "मॅडम, गुंठ्याचे पैसे मी उभ्या गवताचे देते. वीतभर खाली सोडलं तर ते पैसे मातीत की. आन् बुडखाच तर जड असतो." बरोबर आहे त्यांचं. मग आमचं ठरलं की बुडख्याचा खालचा भाग वेगळा कापून टाकायचा भाकड म्हशीला, दुभतीला वरचा पाला. हिशेबानं हे चूकच, कारण भाकड म्हैस उद्या दुभती होणार आहे आणि मूत्रपिंड काही भाकड नसतं. पण काहीच न करण्यापेक्षा बरं म्हणून मी मान डोलावली.

उरला तपासणीचा प्रश्न. दूध, केस, रक्त यांच्या मागे लागण्यापेक्षा मेलेल्या जनावराचं मूत्रपिंड बोलतं. युरोपीय संघात बाजारात येणाऱ्या गुरांच्या मांसात कॅडमियम किलोला ०.०५ मिलिग्रॅम, यकृतात ०.५ आणि मूत्रपिंडात १ अशी चढती मर्यादा ठेवलीय, यावरूनच कुठं साठतं ते कळतं. न्यूझीलंडमध्ये ठरावीक वयापुढच्या जनावरांचं मूत्रपिंड माणसाच्या खाण्यासाठी घेतच नाहीत. तिथं कारण सांडपाणी नाही, फॉस्फेट खतातून वर्षानुवर्षं कुरणात गेलेलं कॅडमियम आहे. म्हणजे वय हाच मोठा मुद्दा. वर्षाच्या बोकडाचा गुर्दा खाल्ला तर मी काही बोलणार नाही. आमच्या पट्ट्यात दहा-बारा वर्षं चरलेल्या म्हशीचा मात्र मी स्वतः खाणार नाही, आणि विचारणाऱ्याला तसंच सांगते.

इथे विम्याच्या दाव्यासाठी शवविच्छेदन होतंच. आम्ही फाडतो, मृत्यूचं कारण लिहितो, फोटो काढतो, कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा नंबर घालतो आणि जनावर खड्ड्यात जातं. त्याच वेळी मूत्रपिंडाचा अंगठ्याएवढा तुकडा आणि यकृताचा तेवढाच तुकडा स्वच्छ प्लॅस्टिक डबीत घालून बर्फावर ठेवला, डबीवर तोच बिल्ला नंबर आणि जनावराचं वय लिहिलं, तर मूळ कामाला पाच मिनिटंही जास्त लागत नाहीत. बिल्ल्यावरून गाव कळतं, गावावरून पाणी कळतं, कालव्याचं की विहिरीचं. एका तालुक्यात सगळ्यांनी दोन वर्षं असं केलं तर आत्ता जे आपण बाटल्या हलवून विचारतोय त्याचं उत्तर मिळेल. मी माझ्यापुरतं सुरू केलंय, मालकांना विचारून. डबे दवाखान्याच्या फ्रीजरमध्ये लसींपासून वेगळ्या कप्प्यात आहेत. तपासणीचा खर्च एकटीनं झेपणारा नाही, म्हणून या पट्ट्यातल्या बाकीच्या पशुवैद्यांनो, तुमच्याकडचेही तुकडे फेकू नका. एकत्र पाठवले तर दर कमी लावतात. डबीवर वय लिहायला तेवढं विसरू नका, दात बघून अंदाजे लिहिलं तरी चालेल.